टेकडीवर गाड्या चढवण्याआधी : आपल्या फोर बाय फोर ग्रुपच्या ॲडमिन मंडळींना खुले पत्र

प्रति,
ॲडमिन आणि ट्रिप कमिटी,
लातूर, धाराशिव, बीड, नांदेडकडच्या फोर बाय फोरवाल्यांचा, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाड्या बाळगणाऱ्यांचा, आपला ग्रुप

सप्रेम नमस्कार.

पौष पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी चौदा गाड्या घेऊन कोकणात उतरायचं, दापोली तालुक्यातल्या केळशीच्या वाळूच्या टेकडीवर चढायचं, किनाऱ्यावर गाड्या पळवायच्या आणि रात्री तिथंच तंबू ठोकायचे, हा तुमचा प्लॅन वाचला. वाचून ग्रुपवर चार प्रश्न टाकले. एका ॲडमिनचं उत्तर आलं, "काका, तुम्ही उगं भेव दाखवायलालाव." खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग झाली. तिथं तोंड बंद केलंत, म्हणून इथं चारचौघांत विचारतो. मराठवाड्यात असे आणखीही ग्रुप आहेत आणि थंडी पडली की सगळ्यांच्याच डोक्यात समुद्र शिरतो. त्यांनीही वाचलं तर बरंच आहे.

मी कोण, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. औसा रोडला माझं गॅरेज आहे. तुमच्यातल्या निम्म्या गाड्यांच्या खाली मी पाठीवर पडलेलो आहे. कुणाला सस्पेन्शन उचलून दिलंय, कुणाला विंच बसवून दिलाय, कुणाचा डिफरन्शियल दोनदा खोललाय. तुमच्या या नादावर माझं घर चालतं, तेव्हा मला ऑफरोडिंगचा राग आहे असं कुणी म्हणू नये. तरुणपणी काही वर्षं मी दापोलीला एका गॅरेजात कामाला होतो. भरतीत सापडलेल्या गाड्या दोर लावून बाहेर काढणं आमच्याच गळ्यात यायचं, त्यामुळं लातूरचा असूनही समुद्राची थोडी ओळख आहे. आणि तुमच्या यादीतल्या सातव्या गाडीत माझी पुतणी, जावईबापू आणि त्यांचं चार वर्षांचं लेकरू आहे.

आता माझे आक्षेप. आधी वेळेचा, कारण सगळं तिथूनच बिघडलंय.

तुमच्या प्लॅनमध्ये लिहिलंय : सकाळी ११ ला किनाऱ्यावर पोच, ११ ते १ बीच ड्राइव्ह, मग वाळूवरच जेवण. हे लिहिणाऱ्यानं तिथी बघितलेलीच नाही. कोकणात कोळ्याचं पोरसुद्धा सांगतं की तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या आगेमागे भरती पूर्ण भरलेली असणार, आणि तीही साधी नाही, उधाणाची. अष्टमी-नवमीला भांगाचं पाणी असतं, ते कमी चढतं आणि कमी उतरतं. पौर्णिमा-अमावास्येला आणि पुढचे एक-दोन दिवस ते सगळ्यात वर चढतं. एवढा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून करता येतो, त्याला ॲप लागत नाही. हिशेब अंदाजाचाच असतो, जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण तुमचा प्लॅन त्या अंदाजाच्याही बरोब्बर डोक्यावर येऊन बसलाय.

यानं काय होतं? ओहोटीला जी ओली, दाबून बसलेली वाळू उघडी पडते, तिच्यावर गाडी चालते. भरतीला ती पाण्याखाली जाते. मग उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत पट्टी आणि तिला लागून टेकडीचा पायथा. म्हणजे तुम्ही निवडलेल्या दोन तासांत तुमच्या चौदा गाड्यांना चालायला कडक जागाच नसणार. एक तर त्या लाटेत जातील, नाही तर टेकडीच्या अंगावर. समुद्र वरच्या बाजूला ढकलणार आणि तुम्ही वरच्या बाजूला सरकणार. आणि वरच्याच बाजूला ते सगळं आहे ज्याच्यावर चाक जायला नको. ते पुढं सांगतो.

रात्रीचं वेगळंच. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात. सकाळची सव्वाअकराला धरली तर पुढची रात्री पावणेबाराच्या सुमारास. त्या वेळी तुमचे तंबू वाळूवर, लेकरं झोपेत आणि गाड्या तंबूंना खेटून उभ्या. गाडी लाटेच्या तोंडाला नुसती उभी असली तरी प्रत्येक लाट परत जाताना चाकाखालची वाळू ओढून नेते. कुणी काही न करता गाडी टेकत जाते आणि चेसिस वाळूला लागली की चारही चाकं फिरवा नाही तर सोळा फिरवा, ती हलत नाही.

इथं स्नॉर्केलचंही सांगून टाकतो. या ट्रिपसाठी तिघांनी माझ्याकडे स्नॉर्केल, म्हणजे इंजिनाला हवा घ्यायची उंच नळी, सांगितलंय. स्नॉर्केलनं इंजिन श्वास वरून घेतं, एवढंच. डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेच्या जागी पाणी शिरलं तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो धोका त्यानं कमी होतो, हे खरं. पण अल्टरनेटर खालीच असतो. वायरिंगचे कपलर खालीच असतात. व्हील बेअरिंग, ब्रेकचे पिस्टन, हँडब्रेकची केबल, सगळं खालीच. खारं पाणी उडवत जाणारी गाडी रीलमध्ये झकास दिसते. दोन महिन्यांनी ती माझ्या रॅम्पवर येते तेव्हा कपलरमध्ये हिरवा थर चढलेला असतो, आणि मालक विचारतो, "वॉरंटीत बसंल का?" खाऱ्या पाण्यातून आलेली गाडी खालून गोड्या पाण्यानं भरपूर धुवावी लागते, चेसिसच्या पोकळ्यांतसुद्धा पाइप घालून. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आपलं लातूर जगलं. त्या गावच्या माणसानं चौदा गाड्या मुद्दाम खारवून आणून मग पिण्यालायक पाण्यानं धुवायच्या, हे मला तरी सुचलं नसतं.

आता जागेचं. केळशीच्या भारजा नदीच्या मुखाजवळची ती वाळूची टेकडी तुम्हाला 'महाराष्ट्राचं मिनी डेझर्ट' वाटली. प्लॅनमध्ये शब्द तसाच आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्या टेकडीचे थर अभ्यासले आहेत. त्यात जुनी खापरं, नाणी सापडली, आणि जुन्या काळी या किनाऱ्यावर त्सुनामी आली होती का, याचा शोध अभ्यासक त्या थरांत घेत आले आहेत. एकावर एक साचलेल्या थरांचं ते दप्तर आहे. त्याच्यावर लो रेंज, म्हणजे जादा जोराचा गिअर, टाकून चढलात तर पानं फाटणार, आणि ती परत लिहिता येत नाहीत.

टेकडी जागेवर धरून ठेवते ती वर पसरलेली मर्यादवेल आणि वाळूतलं गवत. वेल दिसायला चिवट, पण चाकाखाली तुटली की खालची वाळू उघडी पडते आणि वारा ती उचलून नेतो. मग पुढच्या पावसाळ्यातलं उधाण थेट मागच्या वाडीत. तुम्ही तोवर लातुरात सोयाबीनची पेरणी बघत बसलेले असाल.

आणि कासवं. तुमच्यातल्या एकानं तर पोस्टरवर कासवाचं चित्र टाकलंय! मंडणगड तालुक्यातलं वेळास कासवांमुळं सगळ्या राज्याला माहीत झालं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ते काम उभं केलं. केळशी आणि आंजर्ल्याच्या वाळूतही ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. तुमची पौष पौर्णिमा बरोबर त्याच्या मध्यावर. मादी रात्री येते, भरतीच्या रेषेच्या वर येऊन दीडेक फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या घरात अंडी घालते, वाळूनं बुजवते आणि परत जाते. म्हणजे घरटं असतं ते त्याच कोरड्या पट्टीत, जिकडं समुद्र तुमच्या गाड्या ढकलणार आहे. वरून काही दिसत नाही. दोन टनांची गाडी गेली तरी चालवणाऱ्याला काही कळणार नाही.

कासवमित्र पहाटे किनारा चालून मादीच्या येण्याजाण्याचा माग काढतात आणि त्यावरून घरटं शोधतात. अंडी उचलून जाळीच्या हॅचरीत ठेवतात, आणि ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. तुमची रात्रीची ड्राइव्ह त्या मागावरूनच जाणार. टायरच्या नक्षीत कासवाचा माग पुसला गेला की ते घरटं कुणालाच सापडत नाही. पिल्लांचं तर आणखी अवघड. बोटभर जीव, समुद्राकडे निघालेला, टायरच्या चरात पडला तर त्या चरातच किनाऱ्याला समांतर चालत राहतो. पाण्यापर्यंत पोचत नाही, आणि सकाळी कावळे, कुत्री असतातच. राहिले तुमचे एलईडी बार. कासवाची मादी उजेड बघून परत फिरते आणि पिल्लं उजेडाकडे वळतात. प्लॅनमधला 'नाइट ग्लो कॉन्व्हॉय' कुणाच्या डोक्यातून निघालाय, मला माहीत आहे. त्यांचे लाइट मीच बसवले. शेतात रात्री पाणी द्यायला जाताना लावा, काही म्हणणं नाही.

परवानगीबद्दल तुमचं एकच वाक्य आहे, "गरज नाही, किनारा सगळ्यांचा." १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सगळ्यात संवेदनशील वर्गात घातल्या आहेत, आणि जिवंत टेकडीची मोडतोड, बदल करायला मनाई आहे. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्याची अंडी फोडणं, घरट्याला धक्का लावणं हीसुद्धा शिकारच धरली आहे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार म्हणजे कमीत कमी तीन वर्षं. 'आम्हाला माहीत नव्हतं' हे आता तुम्हाला म्हणता येणार नाही, कारण हे पत्र तुम्ही वाचलंय. किनाऱ्यावर मराठीत ठळक पाट्या लागल्या पाहिजेत, हेही मला मान्य आहे. त्यासाठी सरकारला वेगळं लिहीन.

आता माझ्या धंद्याचा भाग. यावर मी जरा जास्त बोलणार, ऐकून घ्या.

आपली सगळी हुशारी काळ्या मातीतली आहे. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घातली की चिखल टायरच्या नक्षीत बसतो. मग आपण काय करतो? पाय दाबतो, चाक गरगरा फिरवतो, चिखल उडाला की टायर पुन्हा पकड धरतो. ही सवय अंगात मुरलेली आहे. वाळूत याच सवयीनं गाडी गाडली जाते. चाक फिरलं की ते खणतं, एवढंच. तिथं पाय हलका ठेवून, सेकंड-थर्डमध्ये, एका लयीत जायचं असतं. ब्रेक दाबला की चाकापुढं वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो, म्हणून थांबायचं तर ॲक्सिलरेटर सोडून, उताराकडे तोंड करून. आणि तुम्ही बहुतेकांनी खोल नक्षीचे मड टायर घातलेत. वाळूत ते आणखी लवकर खणतात.

वाळूत पहिलं काम हवा काढायचं. ३०-३२ ची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणली की टायर लांबट पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगते. फार खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून सुटतो. आणि डांबरावर चढण्याआधी हवा परत भरलीच पाहिजे, नाही तर कमी हवेचा टायर घाटात तापून फुटतो. आता तुमची यादी बघा. चौदा गाड्यांत कंप्रेसर दोन. बॅटरीवर चालणारे छोटे. अशा कंप्रेसरला एका गाडीची चारही चाकं १५ वरून ३० वर आणायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. एका कंप्रेसरवाटे सात गाड्या, म्हणजे अडीच-तीन तास. तुमच्या प्लॅनमध्ये परतीच्या आधी या कामाला वेळच दिलेला नाही. मग काय होणार, ते मी सांगायला नको. निम्मे लोक "बघू पुढं पंपावर" म्हणून तशीच गाडी मंडणगडच्या वळणांवर घालणार.

टेकडी ही चढणीचीही निराळीच जात. वाऱ्याच्या आडोशाकडची बाजू ३३-३४ अंशांपर्यंत उभी असते. कोरडी वाळू तेवढ्याच उतारावर कशीबशी थांबते, म्हणजे चाक लागलं की सरकणारच. तिथं सरळ चढायचं, सरळ उतरायचं. तिरकं गेलात की खालच्या बाजूची चाकं रुततात, वजन तिकडं कलतं आणि गाडी लोळते. माथ्यावर पलीकडचं काही दिसत नाही. दोन बाजूंनी दोन गाड्या एकाच वेळी चढल्या तर वर समोरासमोर भेट. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ओशियानो ड्यून्समध्ये सरकारनंच अशा गाड्यांना जागा दिली आहे. तिथं याच कारणानं टेकड्यांत शिरणाऱ्या गाडीवर आठ फूट उंचीची निशाणाची काठी लागते, किनाऱ्यावर ताशी १५ मैलांची मर्यादा आहे, आणि किनाऱ्यावर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या महिन्यांत मोठा भाग कुंपण घालून बंद करतात. एवढं करूनही तिथल्या किनारा आयोगानं २०२१ मध्ये तीन वर्षांत गाड्या बंद करा असा ठराव केला, आणि मग ते प्रकरण कोर्टात गेलं. हे जिथं सगळं कायदेशीर आहे तिथलं. आपल्याकडं ना निशाण, ना कुंपण, ना मोकळीक. तुमच्याकडं आहे तो एक ड्रोन.

गाडी ओढायच्या सामानात तुम्ही एक लोखंडी साखळी लिहिली आहे. साखळी! रुतलेली गाडी साखळीनं झटका देऊन ओढताना कडी तुटली तर ती काच फोडून आत येते. गाडीमागं ट्रॉली जोडायच्या गोळ्यालाही दोर लावू नका, तो तुटून सुटला तर त्याच्यापुढं माणूस टिकत नाही. चेसिसला बोल्ट केलेले खरे रिकव्हरी पॉइंट (दोर अडकवायच्या मजबूत जागा), ताणला जाणारा दोर, दोरावर टाकायला जाड घोंगडी किंवा ओली गोणी, आणि दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर उभी केलेली माणसं. यातलं घोंगडी सोडून तुमच्याकडं काही नाही. सातव्या गाडीला मागं रिकव्हरी पॉइंटच नाही, हे मला माहीत आहे. मीच तिचं खालचं काम केलंय आणि तेव्हाच सांगितलं होतं. जावईबापू म्हणाले होते, पुढच्या पगाराला बसवू.

प्रवासाचं थोडक्यात. शुक्रवारी रात्री नऊला लातूर सोडून टेंभुर्णी, पुणे, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत सकाळी अकराला केळशी. पाचशे किलोमीटरच्या वर, त्यातला घाट पहाटे, आणि चालवणारा तोच जो दिवसभर दुकानावर किंवा शाळेवर होता. उतरल्या उतरल्या त्यानंच वाळूत गाडी घालायची. विम्याबद्दलही विचारून घ्या. नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही, आणि तुमच्या पोस्टरवर 'टायमिंग चॅलेंज, पहिल्या तिघांना ट्रॉफी' असं छापलंय. सर्व्हेयरला आणखी काय पुरावा लागतो?

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचला. प्लॅनमध्ये लिहिलंय, "अडकल्यास लोकल सपोर्ट मिळेल." कोण हा लोकल सपोर्ट? ग्रामपंचायतीला तुम्ही फोन केलेला नाही, मी विचारून खात्री केली आहे. लोकल सपोर्ट म्हणजे होडी ओढायचं सोडून तुमची गाडी ओढायला येणारी माणसं. मी तिथं असताना ती यायची, कुरकुर न करता यायची, आणि गाडी निघाली की मालक शंभराची नोट पुढं करून व्हिडिओ काढायला वळायचा. आपण गोदाकाठची, मांजराकाठची माणसं. बाहेरून रात्री येणाऱ्या हायवा डंपरांनी आपल्या नद्यांच्या वाळूचं काय केलं, ते बघितलंय. पात्रात खड्डे पडले, काठच्या विहिरींचं पाणी खाली गेलं, आणि विचारायला गेलेल्याला 'नदी काय तुझ्या बापाची का' हे ऐकावं लागलं. 'किनारा सगळ्यांचा' हे वाक्य त्याच जातकुळीतलं आहे, आणि ते आपल्या ग्रुपनं लिहावं याची लाज वाटली.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

टेकडीवर आणि किनाऱ्यावर एकही चाक जाणार नाही, हे ग्रुपवर लेखी जाहीर करा. 'शक्यतो' वगैरे शब्द नकोत. समुद्र बघायला जरूर जा, लेकरांना घेऊन जा. आपल्याकडची कितीतरी माणसं म्हातारी होईपर्यंत समुद्र बघत नाहीत. गाड्या गावात लावा, वाळूवर पायी उतरा, ओहोटीची वेळ बघून. तंबू रद्द करा आणि गावातल्या घरगुती मुक्कामाचे पैसे मोजून राहा. रात्री किनाऱ्यावर उजेड नको. कासवं बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्चनंतर पिल्लं सोडतात तेव्हा जा, कासवमित्र सांगतील तिथं उभे राहा.

ट्रॉफी आणि टायमिंग रद्द. प्रवास दिवसा, मध्ये पुण्याला एक मुक्काम.

गाडी चालवायची हौस इथंच भागवा. बालाघाटाच्या माळावर मुरमाड, पड जमिनी असणारे शेतकरी आहेत. त्यांच्याशी लेखी बोलून, दिवसाचं भाडं देऊन, पीक नसलेल्या रानात ट्रॅक आखा. येडशी रामलिंग घाट आणि नायगाव मयूर या अभयारण्यांच्या हद्दी आणि वनजमीन सोडून. एका कोपऱ्यात मोकळी माती टाकून घ्या आणि हवा काढणं, भरणं, रुतलेली गाडी सोडवणं हे तिथं शिका. मी शिकवीन, फुकट शिकवीन. खरी वाळूच हवी असेल तर जैसलमेरच्या बाजूला जा, तिथल्या माहितगाराला बरोबर घेऊन आणि डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द विचारून. आपल्या माळावरून गेलेल्या माळढोकाची शेवटची मोजकी घरं बहुतेक तिकडंच उरली आहेत.

प्रत्येक गाडीला पुढं-मागं रिकव्हरी पॉइंट असल्याशिवाय कुठल्याच ट्रिपला नाव घेऊ नका. तीन गाड्यांमागं एक कंप्रेसर. साखळी घरी ठेवा, बैलगाडीला कामाला येईल.

गाडीमागं घेतलेले पाच हजार 'परत मिळणार नाहीत' असं तुम्ही लिहिलंय. ज्यांना यायचं नाही त्यांना ते परत करा. पाच हजार बुडतील म्हणून बायकामुलांना घेऊन भरतीत जाणारे दोघं मला माहीत आहेत.

आणि ग्रुप उघडा करा. उत्तर तिथंच द्या, सगळ्यांना लिहिता येईल असं करून द्या, मला एकट्याला फोन करून समजूत घालू नका.

स्नॉर्केलच्या तिन्ही ऑर्डरी मी थांबवल्या आहेत. ॲडव्हान्सची पाकिटं नावं घालून काउंटरवर ठेवली आहेत, येऊन घेऊन जा. रिकव्हरी पॉइंटचं काम असेल तर मात्र गाडी कधीही आणा, त्याची मजुरी घेणार नाही. सातवी गाडी सोमवारी रॅम्पवर घेतोय.

आपला,
औसा रोडचा गॅरेजवाला काका
लातूर